ती देवी नव्हती

अंजना माझी आत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिची ही गोष्ट मी थोडी तिच्याकडून ऐकली, थोडी वडिलांकडून, आणि बरीचशी गावातल्या बायकांकडून. बायकांची गोष्ट तिच्या गोष्टीशी जुळत नाही. मी तिचीच सांगणार आहे.

ताकारी स्टेशनावर उतरून बैलगाडीनं कृष्णेकडं निघालं की आमचं गाव लागतं. तेव्हा आमचा जिल्हा सातारा होता आणि सांगलीला राजाचं राज्य होतं. माझे आजोबा नाथाजी यांचा नदीकाठी ऊस होता, स्वतःचं गुऱ्हाळ होतं. माझे वडील लालासाहेब पलटणीत. घरात आजोबा, आजी शालूबाई आणि दहा वर्षांची अंजना.

चाळीस सालच्या थंडीत अंजनाला तहान लागायला लागली. थंडीचे दिवस, पोरं शेकोटीपासून हलत नव्हती, आणि ही तांब्यामागून तांब्या रिचवायची. रात्रीतून चार वेळा परसात जायची. जेवण दुप्पट झालं आणि अंग मात्र वाळत गेलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. परसात ती जिथं बसायची तिथं मुंग्यांची रांग लागलेली शालूबाईनं पाहिली, पण त्याचा अर्थ तिला कुणी सांगितलेला नव्हता. तिनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मग एका जाणत्याकडून अंगारा आणला.

गुऱ्हाळ सुरू झालं आणि घरातले सगळे तिकडं गुंतले. रस उकळणाऱ्या चुलवाणाजवळ कुणीतरी अंजनाच्या हातावर गरम काकवी ठेवली, तिनं चाटूनपुसून खाल्ली. पोरांना सगळेच देतात. दोन दिवसांनी ती ओकायला लागली. श्वास लांबलांब, धाप लागल्यासारखा. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. नाथाजींनी हाक मारली तर तिनं डोळे उघडले, पण ओळखलं नाही.

नाथाजी फार बोलणारे नव्हते. त्यांनी गाडी जुंपली, पोरीला घोंगड्यात गुंडाळून स्टेशन गाठलं आणि मिळेल त्या गाडीनं मिरजेच्या दवाखान्यात नेलं. शालूबाई नेसत्या लुगड्यानिशी मागोमाग.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली आणि लगेच सुई टोचली. मग रात्रभर टोचतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी अंजना उठून बसली आणि म्हणाली, "आये, भूक लागलीया."

शालूबाईनं बाईंचे पाय धरले. बाईंनी पाय मागं घेतले आणि दोघांना बाकावर बसवलं.

"तुमच्या मुलीला मधुमेह आहे," त्या म्हणाल्या. "खाल्लेल्या अन्नाची साखर होते. ती साखर अंगी लागायला पोटात एक रस तयार व्हावा लागतो. हिच्या पोटात तो होत नाही. तो आपण बाहेरून द्यायचा. सकाळी एक सुई, संध्याकाळी एक."

"कवापातूर?" नाथाजींनी विचारलं.

"जन्मभर."

"आन न्हाई दिली तर?"

बाईंनी नुसतं खाटेवरच्या अंजनाकडं पाहिलं. नाथाजींनी मान हलवली आणि पुन्हा तो प्रश्न कधी विचारला नाही.

महिनाभर ते मिरजेत राहिले. शालूबाईला अक्षर येत नव्हतं, पण काचेच्या पिचकारीवरच्या रेघा तिला कळल्या. कुठल्या रेघेपर्यंत औषध ओढायचं, हवेचा बुडबुडा कसा काढायचा, पिचकारी किती वेळ उकळायची, सुई बोथट झाली की दगडावर कशी घासायची, सगळं ती शिकली. नळीत निळं औषध घेऊन त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटकरी झालं तर फार. निघताना बाईंनी बजावलं, "गोड बंद. पण सुई दिल्यावर जेवायला उशीर झाला तर साखर एकदम उतरेल. घाम सुटेल, हात कापतील, ती काहीबाही बरळेल. मग थांबायचं नाही. लगेच तोंडात गूळ घालायचा."

"म्हंजी गूळ द्यायाचा न्हाई, आन द्यायाचा बी?" शालूबाई म्हणाली.

"हो. तेच तर शिकायचं आहे."

औषधाची बाटली सांगलीच्या दुकानातून यायची. ती थंड राहावी म्हणून शालूबाईनं माठाच्या बुडाशी ओली वाळू घातली आणि त्यात बाटली पुरली. एकदा दुकानातला माणूस बोलता बोलता म्हणाला, की हा रस जनावराच्या पोटातून काढतात. नाथाजी परत येईपर्यंत त्याचाच विचार करत होते. घरी आल्यावर त्यांनी शालूबाईला सांगितलं.

शालूबाईनं बाटलीवरची वाळू सारखी केली. मग म्हणाली, "कुठलं जनावर, ते इचारलं का?"

"न्हाई."

"मग इचारू बी नगा."

आणि तो विषय त्या घरात संपला.

अंजनाला सुईचा त्रास पहिल्या वर्षी फार वाटला. मांड्या निळ्या पडायच्या. सकाळी स्टोव्हचा आवाज आला की ती गोठ्यात जाऊन लपायची आणि शालूबाई तिला ओढून आणायची. पण त्याहून वाईट होतं बाकीचं. लग्नाच्या पंगतीत तिच्या पानात जिलबी वाढली जायची नाही आणि शेजारची पोरगी विचारायची, "तुला का न्हाई गं?" बायका आपल्या पोरींना तिच्या तांब्यानं पाणी पिऊ देत नसत, आजार लागेल म्हणून. कुणी म्हणायचं, सुयांवर जगणारी पोर किती दिस जगणार. हे तिच्या कानावर पडेल अशा बेतानंच म्हटलं जायचं.

एकदा तिनं गुऱ्हाळातून गुळाच्या ढेपेचा तुकडा चोरून खाल्ला. संध्याकाळी नळीतलं औषध विटेसारखं लाल झालं. शालूबाईनं तिला मारलं. मग सुई दिली आणि चुलीकडं तोंड करून रडत बसली. अंजना मला म्हणाली होती, "मारल्याचं काय वाटलं न्हाई. ती रडली तवा मला पैल्यांदा कळलं, की ह्यो आजार माझा एकटीचा न्हाई."

बेचाळीस साल उजाडलं. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं, आणि आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत रडारड झाली, कारण पलटणीतली पोरं तिकडं होती. माझे वडील दुसरीकडं होते, पण गावातल्या तानुबाईचा मुलगा गुंडा तिथंच होता. तानुबाई विधवा, गुंडा एकुलता एक. तो मेला असंही कुणी कळवलं नाही आणि जिवंत आहे असंही नाही. तानुबाई रोज पोस्ट घेऊन येणाऱ्या माणसाला वाटेत गाठायची आणि काही न विचारता त्याच्या तोंडाकडं बघायची.

त्या साली चळवळीमुळं रूळ उखडले जात होते, तारा तुटत होत्या, गाड्या कधी येतील याचा भरवसा नव्हता. नवरात्र आलं. आमच्याकडं नवरात्रात बायका पहाटे अंघोळ करून अनवाणी गावाबाहेरच्या लक्ष्मीआईला पाणी घालायला जातात. शालूबाईला त्या दिवशी ताप होता. तिनं अंजनाला सुई दिली, भाकरी काढून ठेवली आणि ती पडून राहिली. अंजना बारा वर्षांची. मैत्रिणींनी दारातून हाक मारली, आणि पाणी घालून लगेच येऊ या हिशोबानं ती कळशी घेऊन तशीच निघाली.

देवळात गर्दी होती. आरती लांबली. हलगी आणि संबळ वाजत होतं, धुपाचा धूर कोंडला होता. अंजनाच्या कपाळावर घाम आला. कळशी हातातून पडली. ती उभ्याउभ्या डुलायला लागली, हात थरथरले, डोळे एका जागी लागले. तोंडातून काही शब्द निघाले, त्यांचा अर्थ लागत नव्हता.

"अंगात आलं," कुणीतरी म्हणालं.

वाजप वाढलं. बायकांनी वाट मोकळी केली. एकीनं तिच्या कपाळाला मळवट भरला, दुसरीनं केस मोकळे सोडले. ज्या बायका तिच्या तांब्याला शिवत नव्हत्या, त्या तिच्या पायांवर डोकं ठेवत होत्या. पुजारी विचारत होता, "कोण हायस आई? कशापायी आलीस?" अंजना नुसती डुलत होती.

गर्दीतून तानुबाई पुढं आली. तिनं अंजनाचे दोन्ही हात धरले.

"आई, माजा गुंडा येतोय का न्हाई? येवढंच सांग."

अंजनाच्या तोंडून निघालं, "येतोय... येतोय..." आणि ती खाली कोसळली.

तेवढ्यात शालूबाई धावत आली. भाकरी तशीच झाकलेली बघून तिला शंका आली होती. तापलेल्या अंगानं, पदराला गुळाचा खडा बांधून ती देवळापर्यंत पळत आली होती. तिनं बायकांना बाजूला ढकललं, अंजनाचं डोकं मांडीवर घेतलं आणि गूळ बोटानं तिच्या गालात दाबून धरला. थोड्या वेळानं अंजनानं डोळे मिटले, उघडले आणि विचारलं, "आये, मी पडले व्हय?"

"आई शांत झाली," बायका म्हणाल्या. "गुळाचा निवद लागला."

शालूबाईला बोलायचं होतं. पण तिला दम लागला होता, आणि ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.

त्या दिवसापासून गाव बदललं. वाटेत बायका अंजनाला वाकून नमस्कार करायच्या. कुणी नारळ आणून द्यायचं, कुणी आजारी लेकरू तिच्या पायावर घालायचं. नाथाजींची बहीण हरणाबाई शेजारच्या गावाहून मुद्दाम आली आणि भावाला म्हणाली, "दादा, माजं ऐक. आजारी पोर म्हणून हिला कोण इचारनार हाय? लगीन तर व्हायाचं न्हाई. देवीची म्हणून राहिली तर चार मानसं पाया पडतील. जल्म मानानं जाईल."

"आगं, ती देवी न्हाई. साखर उतरती तिची," नाथाजी म्हणाले.

"तुला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. गावाला सांगाय पायजेच का?"

नाथाजी उठून बैलांना वैरण टाकायला गेले. शालूबाई भाकरी थापत राहिली, आणि गावाला सांगायचं राहून गेलं. दोघांनीही दोन वर्षं गावाचं बोलणं ऐकलं होतं. पोरीला कुणी नावं ठेवत नाही, एवढ्यानंच त्यांना हलकं वाटत होतं. खरं सांगायचं तर अंजनालाही ते आवडायला लागलं होतं. तिनं ते माझ्यापाशी लपवलं नाही. "मैत्रिणी माझ्या शेजारी बसाय भांडायच्या," ती म्हणाली. "पुन्यांदा तसलं काय झालं तर बरं, आसं बी एकदा मनात आलं. मग माझंच मला भ्या वाटलं."

तानुबाई दर शुक्रवारी यायची. खण, नारळ, मूठभर तांदूळ घेऊन. अंजनाची ओटी भरायची, समोर बसायची. पहिल्या काही शुक्रवारी ती काही बोलली नाही. तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. तिनं गुंडाची खोली सारवून घेतली, त्याच्यासाठी अंथरूण शिवायला टाकलं. पोस्टाच्या माणसाला वाटेत गाठणंही तिनं सोडलं.

थंडी सुरू झाली तसा एका शुक्रवारी तिनं विचारलं, "आई, गुंडा कुठवर आलाय? बोटीत बसला का?"

अंजनानं तिच्याकडं पाहिलं. साठीकडं झुकलेली बाई बारा वर्षांच्या पोरीला आई म्हणत होती. शालूबाई आत होती, नाथाजी शेतावर. काय बोलावं हे सांगायला कुणी नव्हतं.

"मावशी, मी आई न्हाई," अंजना म्हणाली.

"आसं म्हनू नगंस."

"खरंच न्हाई. मला आजार हाय. सुई घेतल्यावर खाल्लं न्हाई तर माझी साखर उतरती, मग घाम येतो, हात कापत्यात, आन तोंडाला येईल ते मी बोलती. देवळात तसंच झालं हुतं. आयेनं गूळ चारला म्हणून उठले."

तानुबाईचा हात ओटीच्या तांदळात होता. तो तिथंच थांबला.

"मग तवा येतोय म्हणून कोण बोललं?"

"मीच बोलले आसंन. मला त्यातलं काय आठवत न्हाई. तुमी काय इचारलं ते बी मला दुसऱ्यांनी सांगितलं."

मग तानुबाईनं खण घडी घालून परत कमरेला खोचला.

"तू गप बसली आसतीस तर काय बिघाडलं आसतं गं?"

"तुमी दर शुक्रवारी आला आसता," अंजना म्हणाली. तिला रडू येत होतं. "आन मला दर शुक्रवारी खोटं बोलाय लागलं आसतं."

तानुबाई उठली. दारातून जाताना म्हणाली, "देवी बोलती का साखर बोलती, मला काय करायचंय. मला कुनीतरी सांगाय पायजे हुतं." आणि ती गेली.

शालूबाईनं आतून सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली नाही. पण दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायकांनी विषय काढला तेव्हा तिनं घागर खाली ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं. मधुमेह म्हणजे काय, सुई कशाला, गूळ कवा द्यायचा, कवा द्यायचा न्हाई. मिरजेच्या बाईंनी सांगितलं होतं तसं, आपल्या भाषेत. काहींनी ऐकलं, काही हसल्या. पुजाऱ्यानं नाथाजींशी बोलणं टाकलं. हरणाबाई रागावून निघून गेली. नारळ येणं थांबलं, आणि मैत्रिणी पुन्हा जरा लांब बसायला लागल्या.

तानुबाई तर समोरून आली की तोंड फिरवायची.

उन्हाळ्यात अंजना नदीवर धुणं घेऊन गेली होती. पाणी आटलेलं, लांब वाळूतून चालावं लागे. परत येताना तिला चक्कर आली आणि ती वाळूत बसली. कमरेला खोचलेल्या फडक्याच्या गुंडाळीतला गुळाचा खडा काढायलाही तिचे हात चालेनात. चारसहा बायका होत्या. आता देवी म्हणावं की आजार, हे न कळून त्या नुसत्या बघत उभ्या राहिल्या. तानुबाई मागून येत होती. तिनं डोक्यावरचं धुणं टाकलं, खाली बसून अंजनाच्या कमरेची गुंडाळी सोडली आणि गूळ तिच्या तोंडात घातला.

"चाव. चाव म्हनते न्हवं," ती म्हणत होती. बायकांकडं वळून म्हणाली, "बघत काय उभ्या राह्यलाय? पानी आना. तिच्या आयनं पानवठ्यावर समद्यास्नी सांगितलंय."

अंजना सावरल्यावर तानुबाई तिला घरापर्यंत सोडायला आली. तिथून पुढं तिचं तोंड फिरवणं थांबलं.

लढाईच्या दिवसांत औषधाची टंचाई झाली. सांगलीच्या दुकानात कधी बाटली मिळायची, कधी नाही. नाथाजी कोल्हापूर, पुणं गाठायचे. बाटली पुरवून वापरायची म्हणून शालूबाई एक रेघ कमी ओढायची आणि अंजना अर्धी भाकरी कमी खायची. पंधराव्या वर्षी ती बाराची दिसायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उंची आता राहिली ती राहिली. पण ती जगली. घरी बसून पुस्तकं वाचायची सवय तिला याच दिवसांत लागली.

पंचेचाळीस सालच्या दिवाळीनंतर एका दुपारी ताकारीच्या वाटेनं एक माणूस चालत आला. पायात बूट, अंगात ढगळ खाकी शर्ट, गालाची हाडं वर आलेली. वेशीतल्या माणसांनी त्याला ओळखलं नाही. तो तानुबाईच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आये, मी गुंडा."

तो जपान्यांच्या कैदेत होता. चार दिवसांनी तो आमच्या घरी आला. नाथाजींजवळ बसून त्यानं थोडं सांगितलं, फार नाही. अंजना पाणी घेऊन आली तेव्हा तिच्याकडं बघत राहिला.

"हिलाच का त्यो आजार?"

"व्हय," नाथाजी म्हणाले.

"आमच्या कॅम्पात कराडकडचा एक हवालदार हुता. त्याला बी हेच. सुया संपल्या, आन आमच्या डोळ्यांदेखत महिन्यात गेला." त्यानं तांब्या खाली ठेवला. "मला वाटलं हुतं, ह्या आजाराचं मानूस जगतच न्हाई."

अंजना आत गेली आणि माठापाशी जाऊन उभी राहिली. तिच्या वयाच्या मुलीला सहसा कळत नाही, ते तिला तेव्हा कळलं, असं ती म्हणायची. वाळूतली बाटली संपली की आपलेही दिवस संपले, हेच ते.

संध्याकाळी तानुबाई आली. हातात हिरवा खण, नारळ, तांदूळ. तिनं अंजनाला पाटावर बसायला सांगितलं.

"मावशी, मी तुमास्नी तवाच सांगितलंय," अंजना म्हणाली. "ती देवी नव्हती."

"बरं, नव्हती."

"मग वटी कशापायी? माझी म्हणून भरत आसाल तर भरा. देवीची म्हणून नगा."

"लय बोलती ही पोर," तानुबाई शालूबाईला म्हणाली. मग अंजनाकडं वळली. "गाव म्हनतंय देवीचं खरं झालं. म्हनू दे. मला येवढंच ठावं हाय, की माजा गुंडा येतोय आसं साऱ्या गावात एकटी तू म्हनलीस. शुद्धीत म्हनलीस का बेशुद्धीत, ते तुझं तुला. पदर धर."

अंजनानं पदर धरला.

गावातल्या बायका आजही सांगतात, की अंजनाच्या अंगात लक्ष्मीआई आली होती आणि आईचा शब्द खरा ठरला. अंजनानं नाही म्हटलं, तो तिचा मोठेपणा. यावर तिनं वाद घालणं पुढं सोडून दिलं.

स्थळं आली तेव्हा मात्र तिनं कुणालाही अंधारात ठेवू दिलं नाही. पाहुणे चहा प्यायला बसले की ती स्वतः सांगायची. पाहुणे चहा संपवून जायचे. दोनतीनदा असं झाल्यावर नाथाजींनी स्थळं बघणं थांबवलं आणि तिला सातवीच्या फायनलच्या परीक्षेला बसवलं, तेव्हा मास्तरकीला तेवढी पुरायची. ती पास झाली. एकोणपन्नास साली तासगावला मुलींच्या शाळेत तिला मास्तरणीची नोकरी मिळाली.

तोवर रोजची सुई शालूबाईच देत होती. तासगावला खोली घेतली तेव्हा ती लेकीबरोबर आठ दिवस राहिली. पहिल्या सकाळी अंजनानं पिचकारी आईच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या मांडीत टोचली. रक्ताचा थेंब आला. शालूबाईनं बघितलं, पण ती पुढं झाली नाही. आठव्या दिवशी तिला मोटारीत बसवताना अंजना म्हणाली, "आये, आता तू झोप जरा सकाळची."

"व्हय," शालूबाई म्हणाली. मोटार सुटेपर्यंत ती खिडकीतून लेकीच्या हातांकडंच बघत होती.

अंजनाआत्यानं तासगावात बरीच वर्षं पोरी शिकवल्या. तिसरीच्या वर्गावर तिचा जीव होता. कविता ती तालासुरात म्हणायची आणि गणितात कुणालाही सोडायची नाही. टेबलाच्या खणात खडूंशेजारी गुळाचा खडा असायचा, आणि तो कशासाठी, हे ती प्रत्येक वर्गाला पहिल्याच दिवशी सांगायची.